आपल्या गावात रनिंग रेस भरवायची आहे? आधी 'पाचशेवा धावपटू' शोधा!



हल्ली तालुक्याच्या गावातही सकाळी सहाला रस्त्यावर धावणारी मंडळी दिसतात. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली आणि यवतेश्वरच्या घाटात धावायला आज बाहेरगावचे लोकही येतात. हे बघून अनेकांना वाटतं, आपणही आपल्या गावात एक रेस घेऊ. कल्पना चांगली आहे, चालणारी आहे. पण पोस्टर छापण्याआधी अर्धा तास वही-पेन घेऊन बसा. रेसमध्ये पैसा मिळणार की बुडणार, ते या अर्ध्या तासात ठरतं.

हिशोब दोन रकान्यांत मांडा

पहिला रकाना ठरलेल्या खर्चाचा. शंभर धावपटू येवोत की हजार, हा खर्च होणारच. उदाहरण म्हणून आकडे धरू: मंडप, स्टेज, साउंड 25,000, ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर 15,000, बॅरिकेड आणि मार्गावरचे फलक 20,000, बक्षिसं 25,000, जाहिरात आणि छपाई 15,000. एकूण 1,00,000 रुपये.

दुसरा रकाना माणशी खर्चाचा. टी-शर्ट 150, मेडल 60, छातीवरचा नंबर आणि पिना 15, नाश्ता 50, पाणी-सरबत 15, ऑनलाइन नोंदणीचा खर्च 10. एकूण 300 रुपये.

(तुमच्या गावचे भाव वेगळे असतील. स्वतः फोन करून कोटेशन घ्या.)

आता प्रवेश फी 500 ठेवली, तर एका धावपटूमागे हातात राहतात 200. एक लाख भागिले 200, म्हणजे 500. याचा अर्थ पाचशेवा धावपटू येईपर्यंत तुम्ही तोट्यात आहात. कमाई सुरू होते 501 व्या माणसापासून.

'अर्ली बर्ड'चा सापळा

बरेच जण म्हणतात, "सर, सुरुवातीला शंभर रुपये सूट देऊ, गर्दी होईल." बघा काय होतं ते. फी 400 झाली, माणशी खर्च तोच 300. हातात राहिले फक्त 100. सूट 20 टक्के, पण तुमची कमाई निम्म्यावर आली! सगळ्यांनी सूट घेतली तर एक लाख भरून निघायला 500 नाही, 1,000 धावपटू लागतील. म्हणून सूट द्यायचीच असेल तर पहिल्या 50 जणांपुरती द्या आणि तिथे थांबा. फुकट पासचंही तसंच. प्रत्येक पास तुम्हाला 300 रुपयांना पडतो.

प्रायोजक आधी, पोस्टर नंतर

ठरलेला खर्च प्रायोजकांकडून निघाला पाहिजे. रोख मागितली की लोक विचार करतात, वस्तू किंवा सेवा लवकर देतात. हॉस्पिटलकडून ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर, हॉटेलवाल्याकडून नाश्ता, सराफाकडून बक्षिसं मागा. वरच्या उदाहरणात ॲम्ब्युलन्स, डॉक्टर आणि बक्षिसं मिळाली तर 40,000 वाचतात आणि 500 ऐवजी 300 धावपटूंवर गाडी बरोबरीत येते. शब्द दिलाय म्हणून लोगो छापू नका, रोख रकमेतली निम्मी आधी हातात घ्या.

टी-शर्टची ऑर्डर

सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात. 700 टी-शर्ट सांगून ठेवले आणि नोंदणी 450 झाली, तर 250 टी-शर्ट घरात. नोंदणी रेसच्या तीन-चार आठवडे आधी बंद करा, साइझची यादी काढा आणि मगच ऑर्डर द्या. मेडलवर साल टाकू नका, ते रिबनवर टाका. म्हणजे उरलेली मेडल पुढच्या वर्षी चालतात.

इथे मात्र हात आखडू नका

खर्च कमी करायचा तर स्टेज लहान करा, पाहुण्यांचे हारतुरे कमी करा. पाणी, ॲम्ब्युलन्स आणि चौकातले स्वयंसेवक कमी करायचे नाहीत. पाणी दर दोन-तीन किलोमीटरला हवंच. एखाद्याला चक्कर आली आणि मदत पोचली नाही, तर ते नुकसान कुठल्याच रकान्यात बसणार नाही. पोलिस ठाणे आणि नगरपरिषदेची परवानगी लेखी घ्या. तारीख जाहीर करायची ती त्यानंतरच. थंडीचे दिवस निवडा, बोर्डाच्या परीक्षा टाळा.

अंतरही नीट मोजा. धावणाऱ्यांच्या हातात घड्याळ असतं, दहाची रेस साडेनऊची निघाली की त्याच दिवशी सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोभाटा होतो. अधिकृत मोजणीत प्रत्येक किलोमीटरला एक मीटर जादा धरतात, तुम्हीही धरा. आणि 5 किलोमीटरला 'मॅरेथॉन' म्हणू नका. मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर, धावणाऱ्यांना ते पाठ असतं.

पहिल्या वर्षी फक्त 5 आणि 10 किलोमीटर ठेवा. फार नफा नाही झाला तरी चालेल, पण खिशातून पैसे जाऊ देऊ नका आणि एकही धावपटू नाराज घरी पाठवू नका. या वर्षी आलेला माणूस पुढच्या वर्षी दोन मित्र घेऊन येतो, तिथून हा धंदा उभा राहतो.

आजचा गृहपाठ: पाच ठिकाणी फोन करा, दोन्ही रकाने भरा आणि तुमचा 'पाचशेवा धावपटू' कितवा आहे ते काढा. तेवढे लोक गावात आणि आसपास खरंच धावतात का, हे उद्या सकाळी सहाला मैदानावर जाऊन मोजा. आकडा जुळला तर लागा कामाला!