पाळण्याआधीची रांग

थीम पार्कमध्ये घालवलेल्या दिवसाचा हिशेब मांडला, तर प्रत्यक्ष पाळण्यावर बसण्याचा वेळ फार थोडा निघतो. बहुतेक राइड दोन-चार मिनिटांत संपते आणि गर्दीच्या दिवशी तिच्यासाठी तासभर, कधी त्याहूनही जास्त, उभे राहावे लागते. उरलेला दिवस चालण्यात, खाण्यात आणि स्वच्छतागृह शोधण्यात जातो. विशेष गरजा असलेल्या मुलाला घेऊन निघालेल्या आई-वडिलांना पाळण्याची तेवढी काळजी नसते. धास्ती असते ती या उरलेल्या वेळाची. तरीही अशा कुटुंबांसाठी काय करता येईल हा प्रश्न निघाला की उद्यानांचे उत्तर बहुतेक वेळा फाटकापाशीच संपते: तिकिटात सूट, हातात एक कार्ड, बाजूचा वेगळा दरवाजा. सवलत मोलाची असते, पण ती देणाऱ्याच्या मर्जीवर आणि घेणाऱ्याने आपली गरज पटवून देण्यावर टिकून असते. अमेरिकेतल्या उद्यानांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत काय केले, काय गुंडाळले आणि काय नव्याने उभारले ते पाहिले, की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. या मुलांचा दिवस रांगेची रचना, आधी हाती आलेली माहिती आणि अगदी साध्या सोयी यांवर ठरतो. कार्डाचा नंबर त्यानंतर लागतो.

रांग नेमकी कोणाला आणि का जड जाते, हे आधी पाहायला हवे. स्वमग्न मुलाला ‘अजून थोडाच वेळ’ या शब्दांचा उपयोग नसतो, कारण तो थोडा वेळ त्याला दिसत नाही. लोखंडी कठड्यांमधली वळणावळणाची वाट, अनोळखी माणसांचे धक्के, एकाच वेळी वाजणारी चार ठिकाणची गाणी, मध्येच सुटणारी धुराची फवारणी हे सगळे त्याच्या मेंदूवर एकदम आदळते आणि बाहेर पडायला रस्ता नसतो. मग मूल किंचाळते, जमिनीवर अंग टाकते, आणि आजूबाजूचे लोक त्याला हट्ट समजतात. प्रत्येक मुलाचे गणित मात्र वेगळे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला खुर्चीतून राइडच्या आसनावर उचलून ठेवावे लागते आणि तिथे पाठीला, मानेला आधार लागतो. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, म्हणून झटके देणाऱ्या राइडआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक असते. अपस्माराच्या काही रुग्णांना लखलखणाऱ्या दिव्यांनी झटका येऊ शकतो. शिवाय टोपिरामेटसारख्या औषधांमुळे घाम कमी येतो, त्यामुळे उन्हातली रांगच धोक्याची ठरते. कॉक्लियर इम्प्लांट बसवलेल्या मुलाने प्लास्टिकच्या घसरगुंडीवर जाण्यापूर्वी कानामागचे यंत्र काढून ठेवावे असे सांगितले जाते, कारण घर्षणातून निर्माण होणारी स्थिर वीज त्यातली मांडणी बिघडवू शकते. आणि दहा-बारा वर्षांच्या, अजून डायपर लागणाऱ्या मुलाचे कपडे बदलायला जागाच नसते. भिंतीवरची घडीची फळी तान्ह्या बाळाच्या वजनाची. मग आईला स्वच्छतागृहाच्या ओल्या फरशीवर चादर अंथरावी लागते. एवढ्या वेगवेगळ्या गरजा एका कार्डात मावणार कशा?

डिस्नेचा अनुभव या बाबतीत सगळ्यात बोलका आहे. तिथे पूर्वी ‘गेस्ट असिस्टन्स कार्ड’ होते, आणि ते दाखवले की अनेक राइडवर पर्यायी दाराने थेट आत जाता येई. मे २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने बातमी दिली की मॅनहॅटनमधली काही श्रीमंत कुटुंबे अपंग व्यक्तींना ‘मार्गदर्शक’ म्हणून तासाला १३० डॉलर देऊन सोबत नेतात आणि रांगा टाळतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने ते कार्ड बंद करून ‘डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस’ आणली. नव्या पद्धतीत थेट प्रवेश गेला. राइडची रांग चाळीस मिनिटांची असेल, तर साधारण तेवढ्याच वेळानंतर परत या असे सांगितले जाते आणि तोपर्यंत कुटुंबाने सावलीत बसावे, खावे, दुसरीकडे फिरावे. वाट पाहणे तेवढेच, पण कठड्यांच्या बाहेर. पुष्कळ कुटुंबांना हे मानवले. काहींना मुळीच नाही. स्वमग्न मुलांच्या पालकांनी न्यायालयात मांडले की आमच्या मुलाला ठरलेल्या क्रमानेच राइड लागतात, आणि राइडच्या दारापर्यंत नेऊन ‘नंतर ये’ म्हटले की तो कोसळतो. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने हे दावे पुन्हा सुनावणीला पाठवले. २०२० मध्ये ओरलँडोच्या न्यायालयाने एका प्रमुख खटल्यात डिस्नेच्या बाजूने निकाल दिला. अमर्याद थेट प्रवेश दिला तर उद्यान चालवण्याची पद्धतच बदलून जाईल, हे म्हणणे न्यायालयाला पटले.

पुढे २०२४ मध्ये, फ्लोरिडात मे महिन्यात आणि कॅलिफोर्नियात जूनमध्ये, नियम आणखी आवळले गेले. ही सोय आता मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणींमुळे नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे, असे डिस्नेने जाहीर केले. अर्जदाराची व्हिडिओवर मुलाखत होते, गरज पडल्यास बाहेरच्या आरोग्य व्यावसायिकांना त्यात सामील करून घेतले जाते, आणि खोटे बोलल्याचे आढळले तर उद्यानाची दारे कायमची बंद होऊ शकतात. ज्यांना आतड्यांचे, सांध्यांचे, हृदयाचे विकार आहेत अशा कितीतरी लोकांना आता सांगितले जाते की तुम्ही नेहमीच्या रांगेत उभे राहा, लागल्यास बाहेर पडा आणि परत या. हा सगळा प्रवास एका साखळीसारखा दिसतो: सोय दिली, ती मौल्यवान झाली, तिचा गैरवापर झाला, मग संशय आला आणि त्या संशयाचा भार सर्वात आधी खऱ्या गरजूंवर पडला. आपल्या मुलाला काय जमत नाही हे एका परक्या माणसाला पडद्यावर, अनेकदा मूल शेजारी बसलेले असताना, सांगत बसणे ही त्या सहलीची सुरुवात होते. सोय जोपर्यंत उपकार म्हणून दिली जाते तोपर्यंत हे असेच चालणार.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो खोटा नाही. आम्हीही लहान मुले घेऊन उन्हात उभे आहोत, मग यांना पुढे का सोडायचे? आपल्याकडे देवळात दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास थांबलेल्या माणसासमोरून एखादी गाडी थेट गाभाऱ्याजवळ गेली की जो संताप येतो, तोच हा. पण मग हे लक्षात घ्यावे लागते की रांग मोडण्याचा हक्क ही उद्यानेच राजरोस विकत आहेत. डिस्नेने १९९९ मध्ये सुरू केलेला ‘फास्टपास’ फुकट होता. २०२१ पासून त्याची जागा पैसे मोजून घ्यायच्या पर्यायांनी घेतली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवसाला शेकडो डॉलरची ‘प्रीमियर’ श्रेणीही आली. आपल्याकडच्या उद्यानांतही जास्त पैशांचे जलद प्रवेशाचे तिकीट असते. पैसे भरून पुढे गेलेल्याकडे कोणी पुरावा मागत नाही, की रागाने पाहत नाही. ज्याला थांबणे शारीरिकदृष्ट्या किंवा मानसिकदृष्ट्या अशक्य आहे त्याला मात्र कारण द्यावे लागते. शिवाय परत येण्याची वेळ देणाऱ्या पद्धतीत मूल कोणाच्या पुढे जातच नाही, ते फक्त वेगळ्या जागी थांबते. म्हणून न्याय्य उपाय एकच दिसतो: आभासी रांग सर्वांनाच द्या. सगळ्यांना वेळ नोंदवून सावलीत बसता आले, तर खोटे बोलण्यात फायदा उरत नाही आणि कोणाला आपला आजार उघडा करावा लागत नाही.

रचनाच बदलली तर काय होते, याचे उत्तर टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत मिळते. घरबांधणीच्या व्यवसायातून निवृत्त झालेले गॉर्डन हार्टमन आणि त्यांच्या पत्नी मॅगी यांनी आपली मुलगी मॉर्गन हिच्यावरून प्रेरणा घेऊन २०१० मध्ये ‘मॉर्गन्स वंडरलँड’ उघडले. जुन्या खाणीच्या जागेवरच्या या २५ एकरांच्या उद्यानात अपंग व्यक्तीला प्रवेश मोफत आहे. पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. तिथल्या मेरी-गो-राउंडवर चाकांची खुर्ची घोड्यांच्या बरोबरीने वरखाली होते. झोपाळ्यावर खुर्ची सरळ चढवता येते. हातातल्या पट्ट्यामुळे गर्दीत हरवलेले मूल कुठे आहे ते कळते. २०१७ मध्ये शेजारी पाण्याचे उद्यान सुरू झाले तेव्हा प्रश्न होता की बॅटरीवर चालणारी खुर्ची भिजली तर काय; म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मदतीने दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या तयार करण्यात आल्या. तिथे वेगळा दरवाजा नाही, कारण सगळेच दरवाजे सर्वांसाठी आहेत. अपंग नसलेली मुलेही तिथे तिकीट काढून येतात आणि त्याच पाळण्यावर बसतात.

हे दानशूर माणसाचे काम, ते धंद्याला कसे परवडणार, असे कोणी म्हणेल. तिकिटांतून मॉर्गन्स वंडरलँडचा खर्च भागत नाही, देणग्या लागतात, हे खरे आहे. प्रत्येक उद्यानाने तसेच व्हावे अशी मागणीही नाही. मात्र सर्वात उपयोगी सुधारणा सर्वात स्वस्त असते. फिलाडेल्फियाजवळच्या ‘सेसमी प्लेस’ला २०१८ मध्ये स्वमग्नता केंद्र म्हणून प्रमाणपत्र मिळाले, तसे मिळवणारे ते पहिले थीम पार्क. त्यांनी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, शांत खोली ठेवली आणि प्रत्येक राइडला स्पर्श, चव, आवाज, वास आणि दृष्टी या पाच अंगांनी १ ते १० असे गुण देणारे तक्ते प्रसिद्ध केले. या राइडमध्ये आवाज नऊ, प्रकाश तीन, असे आधी कळले की घरी बसून दिवस आखता येतो, मुलाला चित्रे दाखवून तयार करता येते, कानावर लावायचे आवाजरोधक सोबत घेता येते. कुठे अचानक अंधार होतो, कोणत्या स्वच्छतागृहात हात वाळवायचे यंत्र गर्जते, सावलीचा बाक कुठे आहे, ही माहिती छापायला खर्च किती येणार? कपडे बदलण्याच्या मोठ्या बाकाची गोष्टही तशीच. इंग्लंडमध्ये २००६ पासून त्यासाठी मोहीम चालली आणि २०२१ पासून मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींत असा बाक आणि उचलून घेणारे यंत्र असलेले स्वच्छतागृह बंधनकारक झाले.

सुरक्षिततेचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो उडवून लावू नये. धडाची पकड नसलेल्या मुलाला वेगवान रोलर कोस्टरवर बसवणे चुकीचेच. अमेरिकेच्या कायद्यानेही उद्यानांना सुरक्षेच्या अटी घालू दिल्या आहेत. फक्त त्या प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेल्या असाव्यात, अंदाजावर किंवा अपंगांबद्दलच्या समजुतींवर नव्हे. ‘दोन्ही हातांनी दांडी धरता आली पाहिजे’ ही अट तपासता येते. ‘अशा मुलांना आम्ही सोडत नाही’ ही अट नसून भीती आहे. आपल्याकडे हा फरक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष गोव्यातल्या परिषदेला निघाल्या असताना त्यांना कोलकात्यात विमानातून उतरवण्यात आले. २०१६ मध्ये न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. विमानाचे जे, तेच पाळण्याचे.

आणखी एक प्रश्न नातेवाईक विचारतात, कधी प्रेमाने, कधी नाही: त्याला काय कळते, कशाला एवढा त्रास घेता? मूल बोलत नाही म्हणून त्याला वेग, पाणी, वारा कळत नाही, हे कोणी ठरवले? कितीतरी स्वमग्न मुलांना गोल फिरण्यात, झोके घेण्यात खोल समाधान मिळते. व्यवसायोपचारात झोपाळा वापरतात तो उगाच नाही. घरातल्या दुसऱ्या भावंडालाही आई-बाबा दोघे एकाच वेळी सोबत हवे असतात. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराच्या तिसाव्या कलमात अपंग मुलांना खेळ आणि करमणुकीत इतर मुलांच्या बरोबरीने सहभाग मिळावा, असे स्पष्ट लिहिले आहे. जेवण, औषध आणि शाळा झाल्यावर उरले तर द्यायची ही गोष्ट नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये उघडले. दोन्ही दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याआधीची. २०१६ च्या या कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आणि सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत करमणुकीच्या खाजगी जागाही धरल्या. ४० टक्क्यांचा दाखला काही लाभांसाठी लागतो. पण वाजवी सोय मागण्याचा हक्क त्या आकड्यावर अवलंबून नाही, हे फाटकावरच्या कर्मचाऱ्याला आणि पालकांनाही माहीत असायला हवे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीपुरते ठेवणे बेकायदा ठरवले आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत आखण्याचा आदेश केंद्राला दिला. अशा निकषांची चर्चा उतार आणि लिफ्टपाशी थांबते असा अनुभव आहे. त्यात रांगेतून मध्येच बाहेर पडण्याची वाट, वेळ नोंदवून परत येण्याची सोय, शांत खोली, मोठ्या मुलासाठी बाक असलेले स्वच्छतागृह आणि राइडनिहाय माहितीचा मराठी तक्ता यांचा उल्लेख यायला हवा. तोपर्यंत सहलीचे आगाऊ तिकीट काढण्यापूर्वी पालकांनी आणि विशेष शाळांनी उद्यानाला याच पाच गोष्टी लेखी विचाराव्यात आणि उत्तरही लेखीच मागावे.