धार तापते कुठे, कूलंट पडतं कुठे

भोसरी, अंबड, वाळूज किंवा शिरोलीतल्या एखाद्या शॉपमध्ये चालू सीएनसी लेथच्या काचेतून आत डोकावा. टरेटवरच्या नळीतून पांढरं कूलंट धो धो पडत असतं. जॉब भिजतो, चक भिजतो, काच भिजते आणि बघणारा निर्धास्त होतो. ज्या एका जागेसाठी हा सगळा खटाटोप, ती इन्सर्टच्या धारेची जागा मात्र बऱ्याचदा कोरडीच राहते. इन्सर्ट लवकर गेला की बोट ग्रेडकडे जातं, मग मटेरियलकडे, मग सप्लायरकडे. नळीचं तोंड कुठे आहे हे बघण्याची पाळी सगळ्यात शेवटी येते, किंवा येतच नाही.

कूलंटबद्दल शॉप फ्लोअरवर काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्यातल्या काही अर्ध्या खऱ्या आहेत, आणि त्याच जास्त महाग पडतात.

गैरसमज : कूलंट भरपूर पडतंय, म्हणजे धार थंड आहे.

कार्बाइड इन्सर्टने नेहमीच्या वेगात स्टील कापताना चिप आणि इन्सर्ट यांच्या स्पर्शाच्या जागी तापमान साधारण ७०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. ही जागा फार तर मिलिमीटरभर लांबीची. तिथे चिप इन्सर्टवर एवढ्या जोराने दाबली जाते की दोघांमध्ये द्रव शिरायला फटच उरत नाही. वरून सोडलेली धार पडते ती चिपच्या पाठीवर, आणि चिपच ती अडवते. जे थोडं कूलंट आसपास पोचतं त्याचीही वाफ होते. तापलेल्या तव्यावर शिंपडलेला थेंब वाफेच्या थरावर तरंगत नाचतो आणि तवा तापलेलाच राहतो, तोच प्रकार इथे घडतो. शंभर लिटर ओतलं तरी वाफेचा हा थर फुटत नाही. तो फोडायला वेग लागतो आणि नेमकी दिशा लागते.

ही आजची अक्कल नाही. फ्रेडरिक टेलरने १८८० च्या दशकात फिलाडेल्फियातल्या मिडव्हेल स्टीलमध्ये प्रयोग केले. जॉबपासून चिप जिथे सुटते नेमक्या तिथे पाण्याची जाड धार सोडली तर कटिंग स्पीड ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो, असं त्याला आढळलं. धातू कापण्याच्या कलेवरच्या १९०६ च्या आपल्या प्रबंधात त्याने हे नोंदवलं आहे. त्या नोंदीत मला पाण्यापेक्षा ‘नेमक्या तिथे’ हे महत्त्वाचं वाटतं. पुढे १९५२ मध्ये पिगॉट आणि कोलवेल या दोघांनी तेलाची बारीक, वेगवान धार खालच्या बाजूने, टूल आणि जॉब यांच्यातल्या फटीत मारून टूलचं आयुष्य वाढवून दाखवलं. आज इन्सर्टच्या होल्डरमधून कूलंट देण्याच्या ज्या पद्धती कॅटलॉगमध्ये दिसतात, त्यांची मुळं या दोन प्रयोगांत आहेत.

आताच्या होल्डरमध्ये शँकच्या आतून भोक असतं आणि नोझल धारेपासून अगदी थोड्या अंतरावर उघडतं. कूलंटची वरची धार चिप आणि इन्सर्ट यांच्यामधल्या कोनात घुसते, चिपला उचलून धरते आणि स्पर्शाची लांबी कमी करते. खालची धार इन्सर्टच्या जॉबकडच्या बाजूला लागते आणि फ्लँक वेअर कमी करते. दोन्हींची कामं वेगळी आहेत. इन्सर्टच्या वरच्या बाजूला खड्डा पडत असेल किंवा चिप गुंडाळत असेल तर वरची धार तपासावी. खालची बाजू भराभर घासत असेल तर खालची.

सगळ्यात जास्त फरक दिसतो पार्टिंग आणि ग्रूव्हिंगमध्ये. खाच अरुंद, टूल खोल गेलेलं, आणि बाहेर पडणारी चिप त्याच खाचेतून वर येते. बाहेरच्या नळीचं कूलंट आत पोचायला वाटच नसते. इथे आतून कूलंट देणारा होल्डर मशीनच्या साध्या ५ ते १० बारच्या पंपावरसुद्धा कामाचा ठरतो. शॉपमध्ये एकाच टूलवर खर्च करायची ऐपत असेल तर मी पार्टिंग होल्डर बदलायला सांगेन.

गैरसमज : प्रेशर वाढवलं की प्रश्न मिटला.

हा अर्ध्या खऱ्यातला. हाय प्रेशरचा फायदा होतो, पण तो नोझलशी असलेल्या प्रेशरचा. आपण वाचतो ते पंपावरचं घड्याळ. मधे पाइप, कोपरे, टरेटची सील आणि होल्डरमागचा ओ-रिंग असतो, आणि जिथे गळती तिथे प्रेशर जातं. टरेटवरच्या एखाद्या रिकाम्या स्टेशनचं कूलंटचं तोंड उघडं राहिलं असेल तर पंप बिचारा तिथेच खर्च होतो.

थोडा हिशेब करू. धारेचा वेग प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ५ बारला धार साधारण सेकंदाला ३२ मीटर वेगाने सुटते, २० बारला ६३, आणि ७० बारला जवळपास ११८. म्हणजे प्रेशर चौपट केलं तर वेग दुप्पट होतो. आता प्रवाह बघा. ७० बारला १ मिलिमीटरच्या एका भोकातून मिनिटाला सुमारे ४ लिटर कूलंट जातं. भोक २ मिलिमीटरचं केलं की क्षेत्रफळ चौपट होतं आणि तेवढ्याच प्रेशरला १६ लिटरहून जास्त लागतं. अशी दोन भोकं असली तर ३३ लिटर. पंपाची क्षमता १५ लिटरची असेल तर ७० बार तिथे तयारच होणार नाही. प्रत्यक्षात १५ बारच्या आसपास काहीतरी मिळेल, आणि मालक सगळ्यांना सांगत राहील की आम्ही सत्तर बार बसवलंय. पंप घेण्याआधी नोझलची संख्या आणि व्यास मोजून लिटरचा हिशेब मांडायला दहा मिनिटंही लागत नाहीत. तो मांडलेला मात्र क्वचित बघायला मिळतो.

बारीक भोकाचा दुसरा जाच म्हणजे कचरा. साध्या जाळीतून सुटलेला बुरा मिलिमीटरच्या नोझलमध्ये अडकतो. हाय प्रेशरसोबत २० मायक्रॉनच्या आसपासचं फिल्टर बसवणं म्हणूनच सोयीचं नाही, सक्तीचं आहे. शिवाय जास्त प्रेशरने धुकं आणि फेस दोन्ही वाढतात, त्यामुळे मिस्ट कलेक्टर आणि कमी फेसाळणारं कूलंट हा खर्चही धरावा लागतो. आणि दाराचा इंटरलॉक बायपास करून धार कुठे लागते ते बघण्याची सवय असेल, तर ती आजच सोडा. ७० बारची धार त्वचेत घुसते. वरून जखम बारीक दिसते, आत नुकसान मोठं होतं.

खरी गरज कुठे? टायटॅनियम आणि इन्कोनेलसारख्या मिश्रधातूंमध्ये. साध्या कार्बन स्टीलची उष्णतावाहकता ५० वॉट प्रति मीटर-केल्व्हिनच्या आसपास असते. नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूची जेमतेम ७, आणि इन्कोनेल ७१८ ची ११ च्या आसपास. स्टील कापताना बरीचशी उष्णता चिपबरोबर निघून जाते. इथे ती धारेपाशीच साठते. त्यामुळे या धातूंत वेगवान, नेम धरलेली धार लागतेच. स्टेनलेस आणि मऊ स्टीलच्या लांबलचक, चकभोवती गुंडाळणाऱ्या चिप्स तोडायलाही ती मदत करते. पण फीड इन्सर्टच्या चिपब्रेकरच्या पट्ट्याखाली ठेवून नुसत्या प्रेशरने चिप तुटेल अशी आशा धरू नये. आधी फीड आणि कटची खोली बघावी, मग चिपब्रेकर, आणि पंपाची चर्चा त्यानंतर.

गैरसमज : मिलिंगला कूलंट नसेल तर इन्सर्ट जळेल.

इथे उलटं घडतं, आणि हे पटवताना सगळ्यात जास्त वाद होतात. ६३ मिलिमीटरचा फेसमिल मिनिटाला २०० मीटर स्पीडने चालवला तर आरपीएम हजाराच्या आसपास येतो. म्हणजे प्रत्येक इन्सर्ट मिनिटाला हजार वेळा धातूत शिरतो, तापतो, बाहेर येतो आणि निवतो. नुसत्या हवेत हा चढउतार सौम्य असतो. बाहेर आल्याबरोबर थंड कूलंटचा मारा बसला की पृष्ठभाग एकदम आकसतो, आतला भाग गरमच असतो, आणि सेकंदाला सोळा-सतरा वेळा हाच ताण बसून कार्बाइडला धारेशी काटकोनात, ओळीने बारीक चिरा पडतात. दोन चिरांमधला तुकडा निघाला की धार गेली. असा इन्सर्ट हातात घेऊन ऑपरेटर म्हणतो, ‘कूलंट कमी पडलं’, आणि नळी आणखी उघडतो.

स्टील आणि कास्ट आयर्नच्या रफ मिलिंगमध्ये कार्बाइड इन्सर्ट बहुतेक वेळा कोरडाच जास्त टिकतो. चिप्स पुन्हा धारेखाली येऊ नयेत म्हणून दाबाची हवा सोडली की पुरतं. अॅल्युमिनियम असलेली नायट्राइड कोटिंग तर तापल्यावर पृष्ठभागावर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर धरतात आणि तोच त्यांना वाचवतो. त्यांना गारठवून ठेवण्यात फायदा नाही.

अपवाद आहेत, आणि ते छोटे नाहीत. अॅल्युमिनियम धारेला चिकटतं, तिथे कूलंट हवं. उष्णतारोधक मिश्रधातूंमध्ये हवं, आणि स्टेनलेसच्या फिनिशिंगमध्येही बऱ्याचदा हवं. अपवाद नाही तो अर्धवट भिजवण्याला. चिप्सच्या माराने नळी वाकडी झालेली, धार कधी कटरवर तर कधी टेबलावर, ही सगळ्यात वाईट स्थिती. टर्निंगलाही हेच लागू आहे. प्रोग्राममध्ये कूलंट सुरू करणारा एम०८ टूल जॉबला लागण्याआधी यायला हवा. इन्सर्ट तापल्यावर मधेच कूलंट सोडणं म्हणजे त्याला मुद्दाम तडा देणं.

करड्या कास्ट आयर्नबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण कोल्हापूरच्या फाउंड्रींमुळे आपल्याकडे ते काम भरपूर आहे. यातल्या ग्रॅफाइटमुळे चिप भुरभुरीत होते, आणि कोरडं मशिनिंग सहज जमतं. कूलंट वापरलं तर ती भुकटी टाकीत गाळ होऊन बसते आणि पंपाची व नोझलची वाट लावते. कोरडं केलं तर धूळ ओढून घेणारी यंत्रणा हवी, नाहीतर तीच धूळ मशीनच्या स्लाइडमध्ये आणि माणसाच्या छातीत जाते.

गैरसमज : इन्सर्टला कूलंट नको असेल तर जॉबलाही नको.

स्टीलचा १०० मिलिमीटर व्यासाचा जॉब २० अंशांनी तापला तर व्यास सुमारे २३ मायक्रॉनने वाढतो. अॅल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. मशीनवर गरम असताना मायक्रोमीटरला बरोबर भरलेला जॉब इन्स्पेक्शनच्या खोलीत गेल्यावर लहान भरतो, आणि मग ऑपरेटर व इन्स्पेक्टर यांची जुंपते. टॉलरन्स बारीक असेल तर इन्सर्टच्या आयुष्यावर थोडं पाणी सोडून जॉब थंड ठेवावा लागतो. हा निर्णय ड्रॉइंग बघून घ्यायचा असतो, सवयीने नाही.

गैरसमज : यू-ड्रिलला प्रेशर असलं की पुरे.

इन्सर्टच्या ड्रिलमध्ये कूलंटचं पहिलं काम चिप्स वाहून बाहेर काढणं, आणि त्याला लिटर लागतात. प्रेशर भरपूर पण प्रवाह अपुरा असेल तर खोल भोकात चिप्स अडकतात, आवाज बदलतो, आणि पुढच्या क्षणी ड्रिलची बॉडी घासलेली असते. ड्रिलची दोन्ही भोकं मोकळी आहेत का, ते टूल लावतानाच बघावं. लेथवर आरपार भोक पाडताना शेवटी एक गोल चकती सुटते आणि फिरत्या जॉबमधून वेगाने बाहेर फेकली जाते. चकच्या मागे आडोसा हवाच.

एमक्यूएलबद्दल, म्हणजे तेलाच्या सूक्ष्म फवाऱ्याबद्दल, थोडक्यात. तासाला १० ते १०० मिलिलिटर तेलाने थंडावा मिळत नाही, घर्षण कमी होतं. अॅल्युमिनियम आणि कास्ट आयर्नच्या कामात ते चांगलं चालतं. टायटॅनियमच्या कामात त्याच्याकडून कूलंटची भरपाई मागू नये.

गैरसमज : दुधासारखं पांढरं दिसतंय, म्हणजे कूलंट ठीक आहे.

दोन टक्के आणि आठ टक्के तेलातला फरक डोळ्यांना कळत नाही. टाकीतलं पाणी उडून जातं, थोडं कूलंट बुऱ्याबरोबर आणि जॉबबरोबर बाहेर जातं, आणि पातळी उतरली की कुणीतरी बादलीभर साधं पाणी ओततं. असं काही आठवडे झालं की तेल पातळ होतं. मग मशीनला आणि जॉबला गंज धरतो, जंतू वाढतात आणि सोमवारी सकाळी शॉपमध्ये नाक मुठीत धरावं लागतं. वरच्या स्लाइड-ऑइलचा थर स्किमरने काढला नाही तर खाली हवा पोचत नाही आणि वास आणखी वाढतो. उलट बाजूने प्रमाण फार वाढवलं तर फेस होतो आणि हातांना खाज सुटते.

नेहमीच्या कामाला ५ ते ८ टक्के प्रमाण साधारण चालतं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. त्यावरचा आकडा म्हणजे टक्के नव्हेत. कूलंटच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेल्या गुणकाने तो गुणायचा. गुणक १.५ असेल आणि रीडिंग ४ आलं, तर प्रमाण ६ टक्के. नवीन मिश्रण करताना पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. भर घालतानाही नुसतं पाणी न ओतता पातळ मिश्रण ओतायचं. पुढच्या वेळी इन्सर्टची ग्रेड बदलायला निघालात, तर त्याआधी टाकीतला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून बघा आणि नळीचं तोंड कुठे आहे ते मशीन बंद करून तपासा.