आसन, शर्यती मोटारगाडीतील : सुरक्षा प्रमाणन

मोटारगाड्यांच्या शर्यतीत चालकाचे आसन टकरीच्या वेळी ठराविक भार सहन करू शकते, हे चाचणीने सिद्ध करून त्यावर तशी खूणचिठ्ठी लावण्याची पद्धत. नेहमीच्या मोटारीतील आसन बैठकीच्या सोयीसाठी असते. त्याची पाठ कलती करता येते. शर्यतीतील आसन हे मुख्यतः सुरक्षेचे साधन होय. ते एकसंध, द्रोणाकार कवचाचे असून काचतंतू वा कार्बन तंतूंनी प्रबलित केलेले प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम किंवा पोलादी नळ्या यांपासून बनवितात. समोरून टक्कर झाल्यास चालकाला पट्टे धरून ठेवतात; मागून वा बाजूने बसणारा धक्का मात्र आसनालाच झेलावा लागतो. कवच फाटले किंवा तळाचे बोल्ट उपटले, तर पट्टे ढिले पडतात आणि मग उत्तम शिरस्त्राणही फारसे उपयोगी पडत नाही.

आंतरराष्ट्रीय मोटारगाडी महासंघाची (एफआयए, स्थापना १९०४) दोन मानके विशेष प्रचलित आहेत. ८८५५-१९९९ हे सर्वसाधारण स्पर्धा-आसनांचे मानक असून २०२१ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. ८८६२-२००९ हे अधिक कडक मानक आहे. त्यात डोके, खांदे व कटिभाग यांना बाजूने मिळणाऱ्या आधाराची कसोटी लागते आणि आसन व त्याचे आधारकंस यांना एकत्रितपणेच मान्यता मिळते. अमेरिकेत एसएफआय फाउंडेशनची ३९.१ व ३९.२ ही मानके स्टॉक कार प्रकारच्या आसनांना लागू आहेत. भारतात एफआयएने मान्यता दिलेली राष्ट्रीय संस्था फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्‌स क्लब्ज ऑफ इंडिया ही होय.

हौशी स्पर्धकाला सर्वांत जाचणारा नियम मुदतीचा आहे. ८८५५-१९९९ खालील आसन निर्मितीपासून पाच वर्षे ग्राह्य असते. उत्पादकाने तपासून नवी चिठ्ठी लावल्यास आणखी दोन वर्षांपर्यंत मुदत वाढते. ८८६२-२००९ साठी ती दहा वर्षे आहे. कालगणना खरेदीपासून नव्हे, तर निर्मितीपासून होते. त्यामुळे दुकानात दोन वर्षे पडून राहिलेले पहिल्या प्रकारचे आसन विकत घेणाऱ्याच्या वाट्याला तीनच वर्षे येते. वर्षातून दोन-चार शर्यतींत उतरणाऱ्याला हे अन्यायाचे वाटते व तो आक्षेप अगदीच निराधार नाही, कारण मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कवच दुर्बल होत नाही. तथापि तंतुप्रबलित प्लॅस्टिकचे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. कंपने, उष्णता व लहानसहान आघात यांमुळे आतील थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि रंग व कापडी आच्छादन यांखाली ते झाकलेले राहते. ॲल्युमिनियमचे कवच निदान वाकून आपली अवस्था दाखविते. तपासनीसाला स्पर्धेच्या सकाळी कवचाची आतून परीक्षा करता येत नाही. चिठ्ठीवरील तारीख तेवढी वाचता येते. मुदतीचा नियम कडक असण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

प्रमाणित आसन अयोग्य रीतीने बसविल्यास प्रमाणनाला अर्थ उरत नाही. एफआयएच्या नियमांनुसार आधारकंस किमान चार ठिकाणी, किमान ८ मिमी. व्यासाच्या बोल्टांनी व पाठपट्ट्या लावून जखडावे लागतात. दर ठिकाणी आधार, तळपत्रा व पाठपट्टी यांचे स्पर्शक्षेत्र किमान ४० चौ. सेंमी. हवे, पोलादी पट्टीची जाडी किमान ३ मिमी., तर हलक्या मिश्रधातूच्या पट्टीची ५ मिमी. लागते. नुसत्या वॉशरवर घट्ट केलेला बोल्ट पातळ पत्रा फाडून बाहेर येतो, म्हणून ही अट आहे. चालक व आसन यांमधील गादी ५० मिमी.पेक्षा जाड चालत नाही. जाड गादी धक्क्यात दबते आणि पट्टे तेवढेच सैल पडतात.

स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका (स्थापना १९४४) या हौशी स्पर्धकांच्या मोठ्या संस्थेने वेगळी वाट ठेवली आहे. तिच्या नियमांप्रमाणे आसनाची पाठ संरक्षक पिंजऱ्याच्या मुख्य कमानीला किंवा तिच्या आडव्या नळीला पक्की जोडावी लागते. एफआयए मानकांप्रमाणे मान्य झालेल्या व त्यांनुसार बसविलेल्या आसनाला या जोडणीतून सूट आहे. म्हणजे प्रमाणपत्राची जागा येथे टेकू घेतो. धातूच्या आसनाला हा उपाय चांगला मानवतो. तंतुप्रबलित कवचाच्या बाबतीत मात्र अरुंद टेकूचे टोक पाठीत घुसण्याचा धोका असल्याने भार रुंद पट्टीवर पसरविणे आवश्यक ठरते.

डेल अर्नहार्ट हा अमेरिकन चालक फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोना येथील शर्यतीत कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने मरण पावला. त्यानंतर मानेला जपणारी साधने व डोक्याच्या दोन्ही बाजूंस पंखांसारखे आधार असलेली आसने यांचा प्रसार झपाट्याने झाला. असे आधार हौशी गाड्यांतही दिसतात. परंतु त्यांमुळे बाजूचे दिसणे कमी होते व गाडी पेटल्यास बाहेर पडण्यास वेळ लागतो. जुने आसन विकत घेताना चिठ्ठी शाबूत आहे का, कवचाला नंतर भोके पाडली आहेत का व गाडीला पूर्वी अपघात झाला होता का, या गोष्टी पाहतात. नंतर भोके पाडलेल्या आसनाची मान्यता रद्द ठरते. मोठ्या अपघातातून गेलेले आसन तारीख शिल्लक असली तरी बाद करतात.