जेम्स बरो नावाची मुलगी

स्टॅफर्डच्या न्यायालयात घोडा चोरल्याच्या आरोपाखाली एक पोरगा उभा होता. नाव सांगितलं होतं जेम्स बरो. हा मुलगा नसून लँकाशायरमधल्या बेरी गावची मेरी हेडॉक ही पोरकी मुलगी आहे, हे नंतर उघडकीला आलं. तिचा जन्म १७७७चा, म्हणजे वय जेमतेम तेरा-चौदा. शिक्षा झाली सात वर्षं काळ्या पाण्याची.

अमेरिकेतल्या वसाहती हातातून गेल्यावर ब्रिटनला कैदी पाठवायला जागा उरली नव्हती. तुरुंग भरले, मग डोलकाठ्या उतरवलेली जुनी जहाजं नदीत नांगरून त्यांत माणसं कोंडली गेली. अखेर १७८८च्या जानेवारीत ११ जहाजांचा पहिला ताफा ऑस्ट्रेलियाला पोचला. तेव्हापासून १८६८पर्यंत सुमारे १,६२,००० कैदी तिकडे रवाना झाले. त्यांत बायका सुमारे २५,०००.

या माणसांचा माग काढता येतो तो सरकारी कागदांमुळे. खटल्याची नोंद, जहाजावरच्या कैद्यांची यादी, वसाहतीतली हजेरी, चांगल्या वर्तणुकीवर मिळणारा सवलतीचा परवाना, शेवटी सुटकेचा दाखला. नंतरच्या काळातल्या याद्यांत उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचं गोंदणसुद्धा टिपलेलं सापडतं. पण कागदावर येतं ते कारकुनाने विचारलेलंच. पोरीने मुलाचे कपडे का घातले, हे कोणत्याच रकान्यात बसत नाही.

मेरीच्या बाबतीत मात्र तिचा स्वतःचा आवाज हाती लागतो. ‘रॉयल ॲडमिरल’ या जहाजाने ती १७९२च्या ऑक्टोबरात सिडनीला पोचली, आणि ८ तारखेला तिने इंग्लंडातल्या मिसेस होप या आपल्या नातलग बाईंना पत्र लिहिलं. जे वाट्याला आलंय त्यातही होता होईल तेवढं आनंदात राहीन, असा धीर ती पंधरा वर्षांची मुलगीच घरच्यांना देते. ते पत्र आजही सिडनीच्या राज्य ग्रंथालयात जपलेलं आहे.

वसाहतीत तिला मेजर फ्रान्सिस ग्रोस यांच्या घरी मुलं सांभाळायचं काम मिळालं. १७९४मध्ये तिने थॉमस रायबी या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या तरुणाशी लग्न केलं. दोघांनी धान्य आणि कोळशाची वाहतूक, सीलची कातडी, मालाची वखार असा धंदा वाढवला. त्यांच्या पेढीचं नाव ‘एंटाली हाउस’, तेही कलकत्त्यातल्या एंटाली या वस्तीवरून घेतलेलं.

१८११मध्ये थॉमस वारला. पदरी सात मुलं. महिन्याभराने धंद्यातला भागीदारही गेला. मेरी खचली नाही. पुढच्याच वर्षी तिने जॉर्ज स्ट्रीटवर नवी वखार उघडली, पुढे नवी जहाजंही घेतली. १८१७मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्सचा कारभार सुरू झाला तो तिच्या मालकीच्या घरात. त्याच वर्षी एका कर्जदाराला मारहाण केल्याबद्दल ती दोषीही ठरली! उधारी बुडवणाऱ्याची ती गय करत नसे.

१८२०मध्ये ती मुलींना घेऊन इंग्लंडला गेली. ज्या लँकाशायरमधून कैदी म्हणून निघाली, तिथे श्रीमंत व्यापारी म्हणून वावरून पुढच्या वर्षी परतली. आणि १८२८च्या जनगणनेत तिने स्वतःबद्दल नोंदवलं: १८२१मध्ये स्वतंत्र म्हणून आगमन. साल खरं, पण त्याआधीचं जहाज आणि ती शिक्षा या एका ओळीत पुसली गेली. तिला दोष देववत नाही. कैद्याचा कलंक पिढ्यान्‌पिढ्या चिकटत होता. कित्येक कुटुंबांनी तो नातवंडांपासूनही लपवला.

१८५५मध्ये सिडनीजवळच्या न्यूटाउनला मेरीचं निधन झालं. नातू पुढे टास्मानियाचा प्रीमियर, म्हणजे तिथल्या सरकारचा प्रमुख झाला, आणि १९९४पासून तिचा चेहरा ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे.

एवढ्यावरून ही शिक्षा दयाळू होती असं कुणी समजू नये. थॉमसला हॉक्सबरी नदीकाठी सरकारने दिलेली जमीन मुळात दारुग या तिथल्या मूळनिवासी लोकांची होती. ती त्यांना न विचारता वाटली गेली. आणि मेरीसारखी भरभराट फार थोड्यांच्या वाट्याला आली. बहुतेक कैद्यांची पत्रं नाहीत, चित्रं नाहीत; उरल्या त्या यादीतल्या दोन-चार ओळी. या नोंदींना २००७मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान मिळालं आणि आज त्यांतल्या पुष्कळशा घरबसल्या वाचता येतात. मेरीचं नाव शोधायला जाल, तेव्हा त्याच जहाजाच्या यादीतली तिच्या वरची आणि खालची नावंही जरूर वाचा.