डी नदीच्या उगमाकडची नावे
स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनशायरमध्ये, डी नदीच्या उगमाकडे, क्रेथी अँड ब्रेमार हा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेला परगणा, आहे. माणसे थोडी, डोंगर उदंड. राजघराण्याचा बॅल्मोरल वाडा इथलाच, त्यामुळे पर्यटकांची ये-जा कायमची. त्यांच्या हातातल्या नकाशावरची बहुतेक नावे गेलिक भाषेतली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथल्या अनेक घरांत ती भाषा बोलली जाई. पुढे घरे इंग्रजी-स्कॉट्सकडे वळली. नावे मात्र मेंढपाळांच्या आणि शिकारराख्यांच्या तोंडी राहिली.

१८६० च्या दशकात ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे लोक इथे मोजणीला आले. त्यांच्याकडे प्रत्येक पॅरिशसाठी नावांच्या वह्या असत. नकाशावर लिहायचे नाव, त्याची निरनिराळी स्पेलिंगे, ती कोणी सांगितली, जागा कुठे आणि वर्णन, असे रकाने. हे काम फार मोलाचे आहे. या वह्या नसत्या तर कितीतरी नावांचा मागमूस उरला नसता. पण साक्षीदार निवडताना सर्व्हेचा कल जमीनदार, पाद्री, शाळामास्तर यांच्याकडे असे. रोज त्या ओढ्यातून गुरे हाकणाऱ्याचा शब्द त्यांच्या लेखी हलका. माझ्या मते या पद्धतीचा खरा दोष तिथेच आहे. जो जागा वापरतो, तोच तिचे नाव नीट उच्चारतो.

पुढच्या शतकात अ‍ॅडम वॉटसन आणि एलिझाबेथ अ‍ॅलन या नावांच्या संग्राहकांनी नेमका तोच माणूस गाठला. वॉटसन मुळात परिसंस्थेचे अभ्यासक. बर्फाळ माथ्यांवर राहणाऱ्या टार्मिगन पक्ष्यांवर त्यांनी हयात घालवली, त्यामुळे हे डोंगर त्यांच्या पायांना ठाऊक होते. दोघांची पद्धत अशी: स्थानिकांना विचारायचे, ते जसे म्हणतात तसाच उच्चार टिपायचा, नकाशावर जागा अचूक ठरवायची, जुनी कागदपत्रे पडताळायची आणि मग अर्थाकडे वळायचे. त्यांचे ‘द प्लेस नेम्स ऑफ अपर डीसाइड’ (डीसाइड म्हणजे डी नदीकाठचा मुलूख) हे पुस्तक १९८४ मध्ये निघाले. त्यात सुमारे ७,००० नावे आहेत.

उच्चाराचा आणि जागेचा एवढा आग्रह कशासाठी, ते लॉखनगार डोंगरावरून कळते. कवी बायरनने कविता केली म्हणून हे नाव गाजले. प्रत्यक्षात ते खालच्या छोट्या तळ्याचे: ‘लॉखन न गार’, म्हणजे गलबल्याचे, आवाजाचे तळे. उंच कड्यांच्या कुशीतल्या या तळ्याचे नाव पुढे वर चढून अख्ख्या डोंगराला चिकटले. डोंगराचे जुने गेलिक नाव स्तनांवरून पडलेले. त्याची खूण शेजारच्या दोन शिखरांच्या स्कॉट्स नावांत अजून आहे: मिकल पॅप आणि लिटल पॅप, थोरला स्तन आणि धाकटा स्तन. साऱ्या पर्वतरांगेचेही असेच झाले. गेलिक लोक तिला ‘अम मोनग रुअ’, तांबडा डोंगराळ मुलूख, म्हणत. आज ती केर्नगॉर्म या एकाच शिखराच्या नावाने ओळखली जाते, आणि त्या शिखराच्या नावाचा अर्थ तर ‘निळा डोंगर’!

काही नावे लाजेपोटी बदलली. नकाशावरचे ‘डेव्हिल्स पॉइंट’ हे शिखर म्हणजे सैतानाचे टोक. गेलिकमध्ये ते सैतानाचे शिश्न आहे. राणी व्हिक्टोरियाने अर्थ विचारला तेव्हा तिच्या सेवकाने, जॉन ब्राउनने, संकोचून सौम्य नाव सांगितले, अशी आख्यायिका आहे. ज्यांनी ते मूळ नाव ठेवले त्यांना त्यात काही वावगे वाटले नव्हते. म्हणून संग्राहकानेही ते जसेच्या तसे लिहायला हवे. सभ्य केलेले नाव आपल्याला गावाबद्दल काहीच सांगत नाही.

मन सगळ्यात गुंतते ते ‘आरी’च्या नावांत. उन्हाळ्यात बायका-पोरे गुरे घेऊन डोंगरात राहायला जात, त्या चराऊ कुरणांवरच्या झोपड्यांना आरी म्हणत. ही वहिवाट केव्हाच मोडली. गवताखाली पायाचे दगड तेवढे सापडतात. मात्र नाव आणि त्याची अचूक जागा हाती असली, की कोणत्या ओढ्याकाठी माणसे राहत होती हे उकरल्यावाचून सांगता येते.

डीसाइड गेलिक मातृभाषा असलेल्या शेवटच्या व्यक्ती, जीन बेन, १९८४ मध्येच वारल्या. पुस्तक निघाले त्याच वर्षी. आणखी दहा वर्षे थांबले असते, तर संग्राहकांना विचारायला त्या भाषेत वाढलेले कोणीच राहिले नसते.