उपस्थात्याची परीक्षा कोणी घ्यावी?

वैद्य, औषधी, उपस्थाता व रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी प्रथम वर्षापासून पाठ केलेले आहेत. यांपैकी वैद्याची परीक्षा विद्यापीठ घेते, औषधीची प्रयोगशाळा घेते. उपस्थात्याची परीक्षा मात्र अगदी अलीकडेपर्यंत कोणीच घेत नव्हते. चिकित्सालयात झाडलोटीस आलेला मुलगा पाहून पाहून अभ्यंग करू लागतो, पुढे स्वेदन करतो आणि एके दिवशी वैद्य बाहेरगावी असता बस्तीही देतो. हा प्रकार आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा असावा. आम्हीही त्यास अपवाद नव्हतो.

आता पंचकर्म तंत्रज्ञ या कामासाठी शासनमान्य कौशल्य प्रमाणपत्र उपलब्ध आहे. राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाली. व्यवसाय शिक्षणाचे नियमन करणारी राष्ट्रीय परिषद (एनसीव्हीईटी) डिसेंबर २०१८ मध्ये अधिसूचित झाली. आरोग्यक्षेत्रातील कामांची मानके हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने तयार केली असून त्यांत आयुर्वेदातील काही कामांचाही समावेश आहे. या व्यवस्थेत शिकविणारा निराळा आणि परीक्षा घेणारा निराळा असतो. या दुसऱ्या व्यक्तीस मूल्यमापक म्हणतात. हे काम वैद्यांनीच करावे, अन्यथा ते आयुर्वेदाशी संबंध नसलेल्यांच्या हाती जाईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मूल्यमापक होण्यासाठी केवळ पदवी पुरेशी नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. बी.ए.एम.एस. व प्रत्यक्ष पंचकर्माचा अनुभव ही प्रवेशाची पायरी होय. अनुभवाची वर्षे किती असावीत हे त्या त्या कामाच्या अर्हता-पत्रिकेत दिलेले असते. त्यानंतर दोन प्रमाणपत्रे मिळवावी लागतात. पहिले विषयाचे, म्हणजे ज्या कामाची परीक्षा घ्यावयाची त्या कामाचेच, दुसरे मूल्यमापन-पद्धतीचे. दोहोंसाठी साधारणतः ८० टक्के गुणांची अपेक्षा असते. पंधरा-वीस वर्षे पंचकर्म करणाऱ्या वैद्यास तंत्रज्ञाच्या परीक्षेस बसणे अपमानास्पद वाटते. आम्हासही वाटले होते. परंतु हात धुण्याचा क्रम आम्ही त्या दिवशी प्रथमच नीट शिकलो, हे कबूल करावयास हवे.

दुसऱ्या प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे पुरावा. तंत्रज्ञाच्या कामाचे लहान लहान कृतींत विभाजन केलेले असते व प्रत्येक कृतीस स्वतंत्र गुण असतात. मूल्यमापकाने आपल्या मनातील प्रश्न विचारावयाचे नसून मानकात लिहिलेली कृती झाली की नाही, एवढेच पाहावयाचे असते. हे ऐकावयास सोपे वाटते. वैद्यास ते फार कठीण जाते.

सरावासाठी अनुभवी प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आम्ही जे पहिले मूल्यमापन केले, त्या वेळची गोष्ट सांगतो. एका वैद्यांकडे आठ वर्षे काम केलेली एक मुलगी समोर होती. तिने तेलाचे पात्र थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवले, मनगटाच्या आतील बाजूवर थेंब टाकून उष्णता पाहिली, रुग्णाची लाज राखून वस्त्र आच्छादिले आणि मगच अभ्यंगास आरंभ केला. आम्ही सवयीने विचारले, "साग्नी स्वेदाचे तेरा प्रकार सांगा." ती गप्प राहिली. आम्ही गुण कापले. प्रशिक्षकांनी आमच्यापुढे मानकाची प्रत ठेवली व शांतपणे विचारले, "वैद्यराज, हा प्रश्न यात कोठे आहे?" तो नव्हताच. महाविद्यालयातील तोंडी परीक्षेचा परीक्षक आमच्या अंगात संचारला होता, इतकेच.

तिच्यानंतर आलेल्या मुलाने तेराही प्रकार घडाघडा म्हटले असते. निरूह बस्तीतील मध, सैंधव, स्नेह, कल्क व क्वाथ हा मिश्रणाचा क्रमही त्यास मुखोद्गत होता. परंतु त्याने तेल तपासले नाही. रुग्ण म्हणून झोपलेल्या स्वयंसेवकाने पाय आखडून घेतला, तरी हा बोलतच राहिला. त्यास आम्ही अनुत्तीर्ण केले. चहाच्या वेळी त्या केंद्राचे व्यवस्थापक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गरिबाघरचा मुलगा आहे, नोकरी ठरलेली आहे, आपल्या एका सहीचा प्रश्न आहे." त्या सहीनंतर त्याच्या हाती जो रुग्ण येणार होता, त्याची शिफारस करावयास तेथे कोणी नव्हते. आम्ही सही केली नाही. मुलाने पुढे पुनर्परीक्षा दिली व तेल तपासून दिली.

असा आग्रह होतो, म्हणून नियम कडक आहेत. आपण शिकविलेल्या किंवा आपल्या चिकित्सालयाशी हितसंबंध असलेल्या तुकडीचे मूल्यमापन आपण करू नये. उमेदवाराची ओळख स्वतः पडताळावी. छायाचित्रे व चित्रफीत हा पुरावा असल्याने ते काम केंद्राच्या कर्मचाऱ्यांवर सोपवू नये. निकाल तेथल्या तेथे सांगू नये. तो मूल्यमापन संस्थेकडून तपासून जातो.

मानकातील ज्या भागाकडे नवे मूल्यमापक दुर्लक्ष करतात तो म्हणजे तंत्रज्ञाची मर्यादा. शिरोधारेचे पात्र कपाळापासून चार अंगुळे उंच आहे का, हे सर्व जण पाहतात. वमनाच्या वेळी वेग मोजता मोजता रुग्ण निस्तेज झाला तर हा काय करील, हे मात्र थोडेच विचारतात. थांबून वैद्यास हाक मारणे हे येथील अपेक्षित उत्तर आहे. स्वतः औषध देण्यास धावणारा उमेदवार कितीही हुशार असो, तो धोक्याचा होय. चरकाने सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात उपस्थात्याचे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे जे चार गुण सांगितले, त्यांपैकी तीन गुणपत्रिकेत मोजता येतात. अनुराग मोजण्याची रीत आम्हास अद्याप सापडलेली नाही.

औषधनिर्माते व फार्मसीचालक बंधूंसाठी एक सूचना. २००० साली आलेल्या शेड्यूल 'टी'नुसार निर्मिती पात्र तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली होतेच. तथापि खलाजवळ वीस वर्षे उभ्या असलेल्या कामगाराजवळ कागदाचा एक तुकडाही नसतो. पूर्वज्ञानास मान्यता देण्याची तरतूद २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत करण्यात आली. ज्या कामाची अर्हता उपलब्ध असेल तेथे अशा माणसास पुन्हा शाळेत न बसविता त्याच्या कामावरून त्याचे मूल्यमापन होऊ शकते. मात्र मूल्यमापक त्या फार्मसीचा नसावा.

इच्छुकांनी पदवी व नोंदणीच्या प्रती, अनुभवाचे दाखले आणि ओळखपत्र सिद्ध ठेवून मान्यताप्राप्त मूल्यमापन संस्थेशी संपर्क साधावा. मानधन बेताचे असते व प्रवास बराच घडतो. प्रमाणपत्रावरील मुदत पाहून नूतनीकरण करावे, आणि मानकाची आवृत्ती बदलत असल्याने प्रत्येक वेळी जाण्यापूर्वी नवी प्रत वाचावी. आम्ही ती गाडीत वाचतो.