अकरा घोडे आणि एक कानस

१९८५च्या अखेरीस एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने आरएक्स १०० बाजारात आणली, तेव्हा रस्त्यावर बुलेट, राजदूत आणि येझदी यांचा दबदबा होता. शंभर सीसीच्या जपानी गाड्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. त्याच वर्षी आलेली हिरो होंडाची सीडी १०० ॲव्हरेजवर खपली, आरएक्स खपली ती पिकअपवर. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या जेमतेम वर. १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी पुण्या-कोल्हापुराकडच्या गॅरेजांत तिचं इंजिन अजून खोललं जातं, आणि गिऱ्हाइकाची मागणीही ठरलेली असते : गाडी मऊ चालली पाहिजे आणि उचललीही पाहिजे.

या एका वाक्यात दोन मागण्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. ट्यूनिंगची सगळी विद्या या ओढाताणीतून मार्ग काढण्याची आहे.

टू-स्ट्रोकवर इतकी माणसं हात चालवून बघतात, याचं कारण त्याच्या रचनेतच आहे. फोर-स्ट्रोकमध्ये हवा कधी आत घ्यायची आणि धूर कधी सोडायचा हे कॅम आणि व्हॉल्व्ह ठरवतात. त्यात बदल करायचा तर नवा कॅम घडवावा लागतो. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, हेच वेळापत्रक. पिस्टन खाली सरकला की पोर्ट उघडतात, वर गेला की मिटतात. पोर्टची कड जरा वर नेली की वेळ बदलली. त्याला एक कानस पुरते, आणि धोकाही तिथेच आहे.

हिशेब बघा. आरएक्सचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड १ मिलिमीटर वर नेली, तर पोर्ट क्रँकच्या साधारण सव्वादोन-अडीच अंश आधी उघडतो आणि तितकाच उशिरा मिटतो. म्हणजे एका फेऱ्यात जवळजवळ पाच अंश जास्त उघडा राहतो. वरच्या आरपीएमला याचा फायदा होतो, धूर निघून जायला अवधी मिळतो. पण खालच्या आरपीएमला तोच अवधी नडतो : ताजं मिश्रण धुराबरोबर बाहेर पडतं आणि ज्वलनाचा दाब पिस्टनला पुरता ढकलण्याआधीच निसटतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी किंचाळत सुटते, आणि सिग्नलवरून निघताना मात्र मान टाकते.

म्हणून जाणता मिस्त्री कानस हातात घेण्याआधी कागद घेतो. सिलिंडर उतरवून स्वच्छ पुसायचा, आत कागद गुंडाळून बसवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. पोर्टच्या कडा कागदावर उमटतात. कागद सपाट पसरला की इंजिनाचं सगळं वेळापत्रक टेबलावर येतं. आधी कोणी हात मारला आहे का, दोन बाजूंचे ट्रान्स्फर पोर्ट एकाच उंचीवर उघडतात का, हे त्यावरून कळतं. मग हेड आणि पिस्टन यांच्यातली फट. प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार सिलिंडरच्या कडेपर्यंत घालायची, क्रँक हाताने फिरवायचा आणि चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजायचं. या आकाराच्या इंजिनात ही फट मिलिमीटरभराच्या आसपास आणली की मिश्रण नीट घुसळतं आणि जळतंही नीट. हावरेपणाने हेड जास्त घासलं, तर मिश्रण भलत्या वेळी पेटून इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनचा माथा पोखरतो.

पोर्टची उंची न बदलताही बरंच साधतं. क्रँककेस आणि सिलिंडर जुळतात तिथली पायरी घासून एकसंध करायची, ओतकामातले खडबडे काढायचे, आणि पोर्टच्या कडेची धार मोडायची, नाहीतर पिस्टनची रिंग तिथे अडकते. गाडी मऊ होते ती मुख्यतः या कामाने. जोर दाखवणारं काम यानंतरचं.

तो जोर खरा येतो सायलेन्सरमधून. साडेसात हजार आरपीएमला इंजिन सेकंदाला १२५ फेरे घेतं, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद. एवढ्यात धुराची दाबलहर पाइपातून पुढे जाते. रुंदावत जाणारा शंकू मागे ओढ निर्माण करून सिलिंडर रिकामा करतो. पुढचा निमुळता शंकू तीच लहर परतवतो, आणि ती बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट मिटायच्या आत परत ढकलते. पाइपाची लांबी ही परतीची वेळ ठरवते. ती एका ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच जुळते, त्याखाली पाइप मदत करण्याऐवजी अडवतो.

हे गणित बसवलं ते पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या शर्यत विभागाचा प्रमुख वाल्टर काडेन याने. ऑसिलोस्कोपवर लहरी बघत त्याने पाइप आणि पोर्ट एकमेकांना जुळवले, आणि १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्याचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि एमझेडची विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये सुझुकी ५० सीसी गटाची जगज्जेती झाली, चालक डेग्नरच. पुढे जपानी टू-स्ट्रोकचा बोलबाला झाला, त्याची एक मुळी अशी एमझेडच्या चोपाऊ इथल्या कारखान्यात आहे.

आपल्याकडे मात्र या विद्येचा अपभ्रंश जास्त दिसतो : सायलेन्सरची आतली नळी काढून टाकायची. आवाज वाढतो, त्यामुळे वेग वाढल्याचा भास होतो. परतीच्या लहरीचं गणित मात्र बिघडलेलं असतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत दाखवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोड रोलरखाली घातल्याची दृश्यं महाराष्ट्राने पाहिली आहेत. ट्यून केलेलं इंजिन हे शर्यतीच्या मैदानाचं काम.

रोजच्या गाडीला बहुतेक वेळा ट्यूनिंग नकोच असतं. तीस वर्षांच्या आरएक्सचे ११ घोडे आधीच कमी झालेले असतात. क्रँकचं ऑइल सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एखाद्या चढावर पिस्टन जाम होतो. सायलेन्सरात कार्बन साचलेला असतो, कार्बोरेटरचा जेट कोणीतरी तारेने साफ करताना मोठा केलेला असतो, आणि थरथर येते ती क्रँकच्या बेअरिंगमधून. हे सगळं जागेवर आणलं, रिबोअर नीट झाला आणि प्लगचा रंग चॉकलेटी आला, की मालक विचारतो, ‘काय काय मॉडिफाय केलंत?’

म्हणूनच कसबी ट्यूनर पहिला प्रश्न पैशांचा विचारत नाही. गाडी कुठे चालणार हे विचारतो. सिग्नल-सिग्नलवर थांबणाऱ्या गाडीचा पोर्ट तो उंच करणार नाही, मातीच्या ट्रॅकवरच्या गाडीचा करेल. रिबोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घालता येतो, कार्बोरेटरचा जेट पुन्हा बदलता येतो. पण पोर्टचा घासलेला धातू परत येत नाही, आणि कंपनीचे न घासलेले सिलिंडर वर्षागणिक कमी होत आहेत. तेव्हा या धंद्यात चांगल्या मिस्त्रीची मजुरी जितकी कानस चालवण्याची, तितकीच ती न चालवण्याचीही द्यावी.